आगोटीचं मीठ

मिठाचा टेम्पो परवा येऊन गेला. खाली डांबरी रस्ता आंबेनळी घाटाकडे वळतो तिथे उभा राहिला आणि ड्रायव्हरने भोंगा दाबून धरला. वाडीतल्या बायका टोपल्या घेऊन उतरल्या. मी ओटीवरच बसून होतो. शेजारची गौराबाय जाता जाता थांबली, म्हणाली, "भावजी, तुमच्यासाठी आणू का थोडं?" मी नको म्हणालो. एकट्या माणसाला दुकानातली पुडी पुरते, आणि पोलादपूरच्या डॉक्टरने तीही निम्मी करायला सांगितलीय. ती तशीच खाली उतरली. आगोटीच्या दिवसांत या म्हाताऱ्याला डिवचू नये, एवढं वाडीला आता कळलंय.

आगोट म्हणजे पाऊस लागायच्या आधीचे पंधरा-वीस दिवस. चार महिने पुरेल ते सगळं घरात ओढून घ्यायचं. लाकडं, शेणी, पेंढा, मिरची, सुकी मासळी, मीठ. पूर्वी ओढा भरला की आमच्या वाडीला पोलादपूर म्हणजे परदेश. आता ओढ्यावर मोरी झाली, एसटी येते, तरी बायका आगोट भरतातच. रोपांसाठी जमीन भाजतात त्या राबाचा धूर डोंगराच्या कुशीत रेंगाळतो, महाडच्या बाजारातून आणलेल्या बोंबलांचा वास घरात मावत नाही, अंगणाअंगणात कोकमासाठी रातांब्याची सालं लाल होऊन पडलेली असतात. मला हा सगळा वास आवडायचा. आता नाकात गेला की उठून आत जावंसं वाटतं. आत गेलं की बाहेर यावंसं वाटतं.

मी चौथी शिकलेला माणूस. लिहिणं म्हणजे सहीपुरतं. माझी मुलगी सुमन बिरवाडीला असते, तिचा नवरा तिथल्या कारखान्यात आहे. मागच्या महिन्यात तिने ही वही आणून दिली. म्हणाली, "बाबा, भिंतीशी बोलता त्यापेक्षा हिच्यात बोला." म्हणून बोलतोय. कुणाला बरं वाटावं म्हणून नाही.

आगोटीत घरात राज्य भागीचं. भागीरथी, माझी बायको. एरवी माझ्यापुढे दोन शब्दांच्या वर तिसरा न बोलणारी बाई, पण वैशाख सरत आला की तिच्या अंगात काहीतरी यायचं. "अवो, फळी काढा. अवो, बरण्या उन्हात ठेवा. अवो, गोटा धुऊन आणा." गोटा म्हणजे ओढ्यातला काळा गुळगुळीत दगड. लग्न होऊन आली त्या वर्षी तिनेच तो उचलून आणला होता, खारातल्या कैऱ्यांवर ठेवायला. कैऱ्या खारावर तरंगू नयेत म्हणून दाब लागतो. चाळीस वर्षं तोच दगड. त्याला कधी कोपऱ्यात बघितलं की मला तो दगड आमच्या घरातला तिसरा माणूस वाटायचा.

मिठातलं तिला कळायचं. टोपलीतला एक खडा उचलायची, जिभेला लावायची, डोळे मिटायची. "हे कडवट हाय, परत ने." मीठवाला कुरकुरायचा, पण तिच्या तोंडाला लागायचा नाही. मग ओटीवर विळी मांडून बसायची. कैरी उभी चिरली की खच्च आवाज यायचा. कैऱ्यांचा एक थर, मिठाचा एक थर, पुन्हा कैऱ्या, पुन्हा मीठ. तिच्या बोटांना भेगा होत्या, त्यात मीठ जायचं. मी एकदा विचारलं, झोंबत नाय का गो? म्हणाली, "आता कुठं झोंबतंय." तिसऱ्या दिवशी बरणीत खार वर यायचा, गोटा बुडायचा, मग ती वर फडकं घालून सुतळीने दादरा बांधायची. तिची गाठ मला कधी सुटली नाही. तिचीच तिला सुटायची.

हे सगळं चाललेलं असतानाच, एका आगोटीला, ती डॉक्टरमंडळी आली. कोकण रेल्वे तेव्हा नवी होती आणि आमच्याकडची माणसं काम नसताना वीरच्या स्टेशनात गाडी बघायला जात होती. ही मंडळी मुंबईच्या कुठल्याशा मोठ्या इस्पितळातून आली होती. शाळेला सुट्टी, म्हणून शाळेतच मुक्काम. दंडाला फडकं गुंडाळून प्रेशर बघायचं यंत्र, वजनाचा काटा, कागदांचे गठ्ठे. त्यांच्यात एक चष्मेवाली डॉक्टरीणबाई होती, सगळे तिचं ऐकत. तिने आम्हाला झाडाखाली बसवून सांगितलं की डोंगरातली माणसं काटक, दिवसभर चढउतार करणारी, तुपालोण्याचं नाव नाही, तरी इथे प्रेशर का चढतं आणि हृदय का थकतं ते त्यांना शोधायचंय. एकट्यादुकट्याचं नाही, सगळ्या वाड्यांचं मिळून.

गौराबायचा नवरा गणपत टवाळ माणूस. तो म्हणाला, "बाई, आमची छाती कशाला मोजता, घाट मोजा. दमतो तो घाटाने." सगळे हसले. ती पण हसली आणि म्हणाली, घाट सगळ्यांना सारखाच आहे, मग काही माणसं पन्नाशीतच का जातात?

खरं तर आम्हाला हा प्रश्नच कधी पडला नव्हता. हृदयाचा आजार म्हणजे गादीवर बसणाऱ्यांचा. आमच्यात माणूस बसल्या जागी गेला की त्याला पुण्यवान म्हणतात. कुणाला त्रास नाही, अंथरूण नाही, चहा पिता पिता गेला, पुण्यवान. बाईने विचारलं, गेल्या काही वर्षांत वाडीत कोण कसं गेलं? आम्ही एकेक पुण्यवान सांगत गेलो, जरा अभिमानानेच. बांधावर बसला तो उठला नाही. राबासाठी तोडलेल्या कवळांचा भारा उतरवला आणि तिथेच कलंडली. बाई मान खाली घालून लिहीत होती. तिचं पेन थांबेना तेव्हा कुठे आमची तोंडं जरा बंद झाली.

मग घरोघरी येऊन विचारपूस. काय खाता, किती खाता, मीठ किती लागतं. बाया पदर तोंडाशी धरून दाराआड उभ्या, आणि उत्तरं आम्ही पुरुषांनी द्यायची. भागीलाही आत उभं ठेवून मीच बोललो. भात, आमटी, नाचणीची भाकरी, कधी सुकट. बाईने विचारलं, "आणि काकी?" मी म्हणालो, "तिचं काय वेगळं? एकाच चुलीवरचं खातो."

बाई लिहिता लिहिता थांबली. "चूल एक, काका. ताट पण एकच का?"

मला ते बोलणं आगाऊ वाटलं. शहरातल्या पोरी, वाटेल ते विचारतात.  चुलीवर काहीतरी उतू जात होतं, भागी तिकडे वळली.

दोघांचंही प्रेशर बघितलं. माझं बरं निघालं. भागीचं काठावर. बाईने समजावलं की काठावरच्या माणसाचं काय ते मिठावर ठरवू. दोन पांढरे डबे आणले, निळ्या झाकणाचे, वर चिकटपट्टीवर आमची नावं. उद्या सकाळपासून परवा सकाळपर्यंत जी लघवी होईल ती सगळी यात धरायची, थेंब बाहेर जाऊ द्यायचा नाही. माणसाने किती मीठ खाल्लं ते त्यावरून कळतं. ज्यांचं प्रेशर काठावर आणि मीठ जास्त, त्यांना महाडला बोलावून छातीच्या ठोक्यांची पट्टी काढणार आणि लागलं तर गोळ्या सुरू करणार. सगळं सरळ होतं. मला समजलंही होतं. समजलं नव्हतं असं मी आज म्हणणार नाही.

ती माणसं वळली आणि वाडीत कुजबूज सुरू झाली. संडास तेव्हा कुणाकडेच नव्हते. बायका जायच्या ओढ्यापलीकडच्या करवंदीत, आणि तिकडची वाट जाते देवळासमोरून, जिथे सगळे बापये बसलेले. दिवसभर हातात डबा घेऊन तिथून जायचं. गणपतने बोलून घेतलंच, उद्या सगळी वाडी रॉकेलला निघालेली दिसणार.

 भागी संध्याकाळपर्यंत विळीवर कैऱ्या चिरत होती आणि मध्येमध्ये त्या डब्याकडे असं बघायची जसं काही कोपऱ्यात जनावर बसलंय. शेवटी म्हणाली, "मी नाय ता घेवन फिरायची. लोक दात काढतील."

"बाईने काय सांगितलान ते ऐकलंस ना?"

"ऐकलं. तरी नाय."

मी म्हणालो, "दे इकडं. दोन्ही मीच भरतो. एकाच चुलीवरचं खातो ना आपण."

तिने माझ्याकडे बघितलं आणि हसली. पदर तोंडाला लावून, खांदे हलवत. अशी ती फार कमी हसायची. मलाही मोठा पराक्रम केल्यासारखं वाटलं. दुसऱ्या दिवशी मी तांब्यावर तांब्या पाणी प्यायलो. कधी माझ्या डब्यात, कधी तिच्या. ती येता जाता म्हणायची, "पुरे करा, फुटाल." चाळीस वर्षांच्या संसारात आम्ही दोघांनी मिळून केलेली ती एकच चहाटळी. तिला लाज वाटू नये एवढंच माझ्या मनात होतं. देवाशपथ, एवढंच.

गौराबायने काय केलं ते नंतर कळलं. तिने तिचा डबा शेणाच्या टोपलीत ठेवला, वर सागाची पानं टाकली आणि दिवसभर तीच टोपली कमरेवर घेऊन फिरली. गणपत तिलाही हसला. ती म्हणाली, हस, मला काय.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाई डबे न्यायला आली. भागीचा डबा उचलला, थोडा हलवून बघितला, आणि विचारलं, "सगळं यातच ना?"

मी म्हणालो, "हो."

"काकी?"

भागीने माझ्याकडे बघितलं. मग मान हलवली.

पाऊस लागून गेला, लावण्या झाल्या, आणि गणपतीच्या आसपास कागद आले. प्रत्येकाच्या नावाचं कार्ड. आमच्या दोघांचं मीठ बेताचं निघालं, जवळजवळ सारखंच. भागीला महाडला बोलावणं नव्हतं. गौराबायला होतं. तिचं मीठ फार निघालं, छातीची पट्टी काढली, रोजची गोळी लागली, आणि खार-लोणचं बंद करायला सांगितलं. ती दारात बसून रडली होती. भागी तिला समजवायला गेली. परत येऊन कार्ड तिने देव्हाऱ्यात ठेवलं, हळदकुंकवाच्या कोयरीखाली. तिला वाचता येत नव्हतं. सुमनकडून दोनदा वाचून घेतलं. मग पुढच्या आगोटीला नेहमीपेक्षा एक बरणी जास्त घातली. मी विचारलं, कुणासाठी गो एवढं? म्हणाली, "खाऊ आपण. डाक्टरांनीच लिवून दिलंय, माझं बरं हाय म्हणून."

यावर आता मी काय लिहू? एवढं लिहून बराच वेळ वही बंद ठेवली होती.

त्यानंतर तिला दम लागायला लागला. भारा घेऊन चढताना मध्ये बसायची. मी म्हणायचो, चढण हाय, लागणारच. सकाळी डोकं फडक्याने आवळून बांधायची. मी म्हणायचो, ऊन लागलं असेल. पायाला सूज यायची, जोडवी रुतायची. मी म्हणायचो, वय झालं. प्रत्येक गोष्टीला माझ्याकडे उत्तर असायचं. सुमन एकदा म्हणाली, आईला बिरवाडीला घेऊन जाते, तिथे डॉक्टर चांगले आहेत. मी देव्हाऱ्यातलं कार्ड काढून तिच्यासमोर धरलं. मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांनी तपासलंय, तुझा बिरवाडीचा त्यांच्याहून शहाणा का? मुलगी गप्प बसली. मी असंच बोलतो, माणसं गप्प बसतात. आता घरात बोलायला कुणी नाही आणि गप्प बसवायलाही कुणी नाही.

डबे दिले त्याच्या दोन वर्षांनंतरची आगोट. दुपारची वेळ. भागी ओटीवर कैऱ्या चिरत होती. मी अंगणात शेणी रचत होतो. खच्च, खच्च आवाज येत होता, तो थांबला. वळून बघितलं तर तिने विळी पाय लावून बाजूला सरकवली होती, पातं भिंतीकडे करून, कुणाला लागू नये म्हणून. एवढं तिने आधी केलं. मग भिंतीला टेकली. म्हणाली, "जरा बसते."

बसलेलीच होती ती. जरा बसते म्हणाली.

गणपतने जीप आणली. पोलादपूरच्या दवाखान्यात ठेवून घेतलं नाही, महाडला न्या म्हणाले. गाडीत तिचं डोकं माझ्या मांडीवर. हाताला मीठ लागलेलं, वाळून पांढरं झालेलं. महाडच्या डॉक्टरने यंत्र लावलं, विचारलं, कधी तपासलंच नव्हतं का? मी खिशातून कार्ड काढलं. निघताना तेवढं मात्र आठवणीने घेतलं होतं. त्याने वाचलं, पुन्हा वाचलं. म्हणाला, "प्रेशर काठावर आहे, पण मीठ तर बरोबर दिसतंय. नवल आहे." मी त्या नवलाकडे बघत उभा राहिलो.  तासाभरात ती गेली. वाडीत लोक म्हणाले, पुण्यवान.

बाराव्यापर्यंत सुमन राहिली. तिने आधीच घालून ठेवलेल्या तीन बरण्यांतल्या दोन आल्यागेल्यांना वाढण्यात संपल्या. तिसरी तशीच राहिली, तिच्या हातची गाठ असलेली. मला भूक लागली की मी पाटावर बसायचो, सुमन वाढायची, मी उठलो की ती जेवायची. एकदा तंबाखूची डबी विसरली म्हणून मी मागे वळलो. सुमन चुलीमागे बसून पेज पीत होती. पुढ्यात वाटीत खार आणि कैरीची फोड. आमटीचं भांडं रिकामं, मीच संपवलेलं. मी म्हणालो, हे काय खातेस गो, आमटी का नाय ठेवलीस?

ती म्हणाली, "ठेवायची कशाला? आई तरी कधी आमटी खायची? तुम्ही जेवून उठलात की पेज आणि खार. सकाळी तेच, दुपारी तेच. पेजेत वरून मीठ पण घालायची. तुम्हाला ठाऊक नाय?"

मला ठाऊक नव्हतं. चाळीस वर्षं मी त्या बाईला जेवताना बघितलं नव्हतं. मी जेवायचो, हात धुवायचो, ओटीवर यायचो. ती आत काय करते, काय खाते, खाते की नाही, हे बघायला मी कधी त्या दारातून परत आत गेलो नाही. कुणीच जात नाही आमच्यात. आमटी माझी, भाजी माझी, मासळीचा मधला तुकडा माझा. तिच्या वाट्याला त्याच चुलीवरची पेज, आणि ती घशाखाली उतरावी म्हणून मीठ. चूल एकच होती, ते खरं. त्या बाईने दारात उभं राहून विचारलं होतं, ताट एक का. मला तो प्रश्न कळायला भागी जावी लागली.

या आगोटीला तीच डॉक्टरीणबाई परत आली. मिठाचा टेम्पो आला त्याच्या आदल्या दिवशी. केसांत थोडं पांढरं आलंय. पाच वर्षांपूर्वी बघितलेली माणसं पुन्हा बघायची, कोण कसं आहे, कोण राहिलं, कोण गेलं. मुक्काम याही वेळी शाळेतच, हातात आमच्या वाडीची यादी. माझ्या ओटीवर आली, पाणी प्याली, म्हणाली, "काकी कुठे?"

मी सांगितलं. तिने यादीवर काहीतरी खूण केली, आणि मग पेन खाली ठेवून म्हणाली, "पण त्यांचं तर बरं होतं हो."

तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. पाणी कसं प्यायलो ते, कुणाच्या डब्यात किती ते, भागी हसली तेही. ती अंगणातल्या रातांब्याच्या सालांकडे बघत राहिली. मला वाटलं आता चिडेल. चिडायलाच हवं होतं. मी त्याचीच वाट बघत होतो. पण ती म्हणाली, तेवढ्यानेच काकी गेल्या असं कुणी सांगू शकणार नाही. गोळी मिळाली असती तरी काय झालं असतं, सांगता येत नाही.

मी म्हणालो, "गौराबाय तिकडं कैऱ्या चिरत्येय. गोळी खाते. ते सांगता येतं ना?"

तिने यादीची घडी घातली. मग समजुतीच्या सुरात म्हणाली की या एका डब्याने त्यांच्या कामात फार फरक पडला नसेल. त्या सगळ्यांची सरासरी काढतात.

मी विचारलं, सरासरी म्हणजे काय ते नीट सांगा. तिने सांगितलं. सगळ्यांचं मीठ एकत्र करायचं, आणि मग प्रत्येकाला सारखं सारखं वाटलं तर किती येईल ते बघायचं.

"म्हणजे एकाच चुलीवरचं," मी म्हणालो.

तिने चष्मा काढून पुसला. पुन्हा घातला.  वाईट बाई नाही ती. पाच वर्षांपूर्वी साऱ्या वाडीत योग्य तो एकच प्रश्न तिनेच विचारला होता, आणि मी तो तोडून टाकला होता.

मी म्हणालो, तिच्या नावापुढचा तो आकडा तरी खोडा. खोटा आहे. ती म्हणाली, कळवते. पण खोडलं तरी तिथे खरं काही लिहिता येणार नाही, जागा रिकामीच राहील. जाताना तिने पिशवीतून डबा काढला. तसाच पांढरा, निळ्या झाकणाचा. एकच. "काका, या वेळी नीट भरा. तुमच्या एकट्याचाच आहे."

टेम्पो येऊन गेला त्या दिवशी मी तो डबा तसाच ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्याला आधण ठेवलं आणि पेज केली. मग कोपऱ्यातली तिसरी बरणी ओढली. गाठ सोडायचा प्रयत्न केला, सुटली नाही. कोयतीने सुतळी कापली. तिने बांधलेलं घरात आता काही उरलं नाही. फडकं काढलं. तीन वर्षांचा खार, वर पांढरी साय धरलेली. आत हात घालून गोटा काढला, धुतला, उंबऱ्यात ठेवला.

आणि चुलीमागे, ती बसायची तिथे, जमिनीवर बसलो. तिथून ओटी दिसत नाही. तिथून फक्त भिंत दिसते, धुराने काळी झालेली. पेजेत वरून मीठ घातलं, वाटीत खार घेतला. पहिल्याच घोटाला जीभ आकसली, डोळ्यांत पाणी आलं. थुंकावंसं वाटलं. थुंकलो नाही. सकाळी ते खाल्लं, दुपारी तेच खाल्लं, संध्याकाळी पुन्हा. तहानेने घसा फाटला. दिवसभर जे काय झालं ते डब्यात धरलं, थेंब बाहेर जाऊ दिला नाही. पोलादपूरच्या डॉक्टरने बघितलं असतं तर शिव्या घातल्या असत्या. घालू देत. याने ती परत येणार नाही, तिचा आकडा खरा होणार नाही, त्या मुंबईच्या वह्यांत काही सुधारणार नाही. उलट आणखी एक डबा नासणार. मला ते कळतं. तरी तिच्या पोटात रोज काय जात होतं ते एकदा तरी कुणीतरी मोजावं, एवढंच मनात होतं.

आज सकाळी तो डबा हातात घेऊन मी शाळेकडे निघालो. पिशवीत घातला नाही, पानं टाकली नाहीत. शाळेची वाटही तीच, देवळासमोरून गेलो. गणपत बसला होता, त्याच्या ओठांवर काहीतरी आलं आणि तसंच राहिलं. तो उठून उभा राहिला. गौराबाय टोपली घेऊन येत होती. ती म्हणाली, "भावजी, झाकण घट्ट लावा, सांडंल." मी झाकण घट्ट लावलं. वाट साधी आहे. दोनशे पावलं असेल नसेल. एवढ्याच वाटेची तिला लाज होती, आणि एवढीच वाट तिच्याबरोबर चालायचं मला सुचलं नव्हतं.

बाईने डबा घेतला, थोडा हलवून बघितला. "काका, सगळं यातच ना?"

"हो."

तिने पेन उघडलं आणि चिकटपट्टीवर नाव लिहिलं. माझंच. दुसरं कुणाचं लिहिणार.